अ‍ॅव्हरेज कमी येतं, तर दोष माझ्या पायाचा?

नवी गाडी घेतली. टाकी फुल केली, पुन्हा फुल करेपर्यंत चालवली, हिशेब केला. छापील आकड्याच्या जवळपाससुद्धा नाही! सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "साहेब, ते चालवण्यावर असतं." कमी अ‍ॅव्हरेजपेक्षा या उत्तराने डोकं जास्त फिरलं.

चालवण्यावर असतं ना? मग तो छापील आकडा कोणी, कुठे चालवून काढला ते सांगा. रस्त्यावर नाहीच. प्रयोगशाळेत, रोलरवर! चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. चढ नाही, खड्डा नाही, मध्येच घुसणारा कोणी नाही, एसी बंद. युरोपात 2017 पर्यंत नव्या गाड्यांना लावली जाणारी एनईडीसी चाचणी घ्या. तिच्या शहरी भागात 0 वरून 50 च्या वेगावर यायला 26 सेकंद. सव्वीस! सिग्नल सुटल्यावर एवढ्या निवांत कोण निघतं आणि मागचे निघू देतील का? नंतर डब्ल्यूएलटीपी आली. अर्ध्या तासाची, सुमारे 23 किलोमीटरची, वेग 131 पर्यंत. आधीपेक्षा पुष्कळ बरी, हे खरं. पण एसी तिच्यातही बंदच.

आणि आपण कसे चालवतो? गार इंजिन सुरू करतो आणि ते नीट तापायच्या आत मुक्कामाला पोचतो. गार इंजिनात ऑइल घट्ट, घर्षण जास्त, इंधनही जास्त सोडावं लागतं. मग ट्रॅफिक जॅम. तिथे इंजिन चालू, एसी चालू, किलोमीटर शून्य. हायवेला लागलं तर हवा आडवी येते. 80 चा वेग 120 केला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. ही शाळेतली फिजिक्स आहे, गाडी बनवणाऱ्यांना ती माहीत नसेल हे मला कोणी सांगू नये!

युरोपात 2021 पासून नव्या गाड्या स्वतःच किती इंधन जाळलं याची नोंद ठेवतात. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये त्या नोंदी मांडल्या. पेट्रोल-डिझेल गाड्या अधिकृत आकड्यापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त पितात. प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे चार्ज करून बॅटरीवर आणि एरवी इंधनावर चालणाऱ्या गाड्यांचं, कार्बन उत्सर्जन तर अधिकृत आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघालं, कारण लोक त्या कागदावर धरल्या होत्या तितक्या चार्ज करतच नाहीत. या सगळ्यांनाच गाडी चालवता येत नाही का?

अमेरिकेत 2008 च्या मॉडेलपासून एसी लावून, थंडीत आणि जास्त वेगाने अशा चाचण्याही हिशेबात धरायला लागले. छापील आकडे खाली आले, आणि गाड्या तरीही विकल्या गेल्या. मग इतरांना काय अडचण आहे? गर्दीत, एसी लावून, गार इंजिनाने गाडी किती देते ते छापा, आणि जाहिरातीतल्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. खाली चांदणी टाकून मुंगीएवढ्या टायपात 'प्रत्यक्षात फरक पडू शकतो' लिहून हात झटकणं आता पुरे!