ऊन हवंच, पण किती?

सध्या फिरणारा दावा असा: ‘दाट जंगलात सावलीमुळे रोपं मरतात. मोठी झाडं काढून ऊन आत सोडा. जितकं ऊन, तितकी वाढ, आणि जातीही वाढतील.’ यातली एक गोष्ट खरी आहे, बाकीचा डोलारा तिच्यावरच उभा केलाय.

खरी गोष्ट आधी. उष्णकटिबंधातल्या सदाहरित जंगलात जमिनीपर्यंत उघड्यावरच्या उजेडाचा जेमतेम १ ते २ टक्के भाग पोचतो. एखादं झाड उन्मळून वर भगदाड पडलं की खाली वर्षानुवर्षं वीतभरच राहिलेली रोपं सरसर उंच होतात. मान्य.

‘सावलीत रोपं मरतात.’ बरीच मरतात, पण सावलीला सरावलेल्या जातींची कितीतरी रोपं नुसती थांबून असतात. पान कमी, खर्च कमी, आणि अधूनमधून काही सेकंद-मिनिटं सरकत येणारे कवडसे. दिवसभराच्या कमाईतला मोठा वाटा कधीकधी या कवडशांचाच असतो.

‘जितकं ऊन, तितकी वाढ.’ खरी गोची इथे आहे. सावलीतलं पान पातळ, रुंद, गडद हिरवं असतं. पूर्ण उन्हाच्या पाव भागाच्याही आतच त्याची अन्न बनवण्याची कमाल गाठली जाते. त्यापुढचं ऊन त्याला वापरता येत नाही. उलट पानातली प्रकाश टिपणारी यंत्रणाच बिघडते. अशा रोपावरचं छत एकदम काढलं तर काही दिवसांतच पान फिकट पिवळं पडतं, कडा करपतात. नवी, जाड पानं वेळेत फुटली तर रोप सावरतं. त्यात वरची माती तापून कोरडी होते आणि रोपाची मुळं असतात नेमकी त्याच थरात. मोठ्या मोकळ्या जागेत गवत आणि वेली मुसंडी मारतात, ते वेगळंच.

‘जातीही वाढतील.’ पनामातल्या एका जंगलात बाराशेहून जास्त फटी, म्हणजे झाडं पडून वर झालेली भगदाडं, १३ वर्षं तपासल्या गेल्या. निष्कर्ष १९९९ साली छापून आले. फटींमध्ये रोपांची संख्या वाढली होती. पण तेवढ्याच संख्येची रोपं फटीबाहेर मोजली तर जाती तितक्याच भरल्या. ज्या झाडाचं बी तिथवर पोचलंच नाही, त्याला ऊन काय करणार?

आणि ‘काढलेलं’ मोठं झाड पडतं कुठे, हे या दाव्यात कुणी लिहीत नाही. ते पडतं खाली थांबलेल्या त्याच रोपांवर.