१२ इंची खोगीर

भाची तिसरीत होती. सारंगखेड्याच्या यात्रेत तिला तट्टावर बसवलं आणि तिथेच माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला मामा स्वतःच्या हाताने खोगीर करून देईल!" दत्तजयंतीची गर्दी, मागे मारवाडी, काठेवाडी घोडे नाचतायत. एवढ्या गोंगाटात हे वाक्य विरून जायला काहीच हरकत नव्हती. पण पोरांना गृहपाठ ऐकू येत नाही, कबुली बरोबर ऐकू येते. वर अट, "काऊबॉयचं पाहिजे. पुढे शिंग असलेलं."

मला चामडं शिवायचा छंद आहे. म्हणजे तोवर मी तीन पट्टे आणि एक पाकीट केलं होतं. पाकिटात नोट दोनदा दुमडल्याशिवाय बसत नाही.

या खोगिराचं माप बैठकीच्या इंचांत घेतात. मोठ्यांना १५-१६, मुलांना साधारण १० ते १३. मी १२ धरलं. आत लाकडी सांगाडा असतो, त्यावर कच्चं कातडं ओलं असतानाच ताणून शिवतात, वाळलं की ते आवळून बसतं. सांगाड्याचं चित्र शहाद्यातल्या सुतारदादांना दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून विचारलं, "पाळणा का?" हलकं लाकूड लावा म्हटलं होतं, त्यांनी टिकाऊ म्हणून बाभूळ लावली. तयार खोगीर पुढे केळीच्या काट्यावर चढवलं तेव्हा २१ किलो भरलं. मी माप घेतलं तेव्हा भाची २२ किलोची होती.

वरचं कमावलेलं चामडं ओलं करून सांगाड्यावर बसवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. मी ते मे महिन्यात गच्चीवर, आईच्या बिबड्यांशेजारी ठेवलं. दुपारपर्यंत दोन्ही खडखडीत. आईने दोन्हींवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "हेही तळू का?"

पण खरा छळ शिवणीचा. दोरा एक, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की उसवत जातं, ही शिवण मात्र एखादा टाका गेला तरी धरून राहते. वाचायला फार छान वाटतं हे! प्रत्यक्षात दोऱ्याला लावायचं मेण निम्मं माझ्या बनियनला लागलं आणि दर तिसऱ्या टाक्याला सुई करंगळीत. चपला शिवणाऱ्या बाबांना दाखवायला नेलं. त्यांनी आधी माझी बोटं पाहिली, मग खोगीर. "भाऊ, तुले काही शिक्षा व्हयेल शे का?"

खाली मेंढीची लोकर लावतात. ती मिळेना, म्हणून आईची एक जुनी गोधडी फाडून आत कोंबली. खोगीरभरती हा शब्द मी आजवर दुसऱ्यांच्या लेखांबद्दल वापरत आलो होतो.

या सगळ्यात दोन दत्तजयंत्या गेल्या. तिसरीला खोगीर घेऊन सारंगखेड्यात पोचलो. एका व्यापाऱ्याने शिंगाला हात लावला. "हाई काय शे भो? म्हैस बांधानी शे का?" मी हसणार होतो, पण बोलणं त्याचंच बरोबर होतं. ते शिंग त्यासाठीच असतं. फास टाकून जनावर धरलं की काऊबॉय दोर शिंगाला गुंडाळतो, मग हिसका हाताला न बसता खोगिराला बसतो. ही विद्या त्यांनी मेक्सिकोच्या गुराख्यांकडून उचलली.

भाची चढली. आता पाचवी पार केलेली, गुडघे तट्टाच्या मानेपर्यंत आलेले. मागून पाठ टेकली, पुढून शिंग पोटात.

"मामा, श्वास घेता येत नाहीये."

मी टाके तपासले. एकही सैल नव्हता.

खोगीर आता गच्चीच्या कठड्यावर ठोकलंय. आईने कपड्यांच्या दोरीचं एक टोक शिंगाला बांधलं. काल तिने त्यावर दोन ओल्या गोधड्या टाकल्या. समोरचा खांब वाकला.