निर्गुडी, उंदराचा पंजा आणि वैद्यराजांचा आक्षेप

वैद्यराज, नमस्कार.

निर्गुडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो: वैद्यराज निफाडकडे बरीच वर्षं रुग्ण बघतात. निर्गुडीने सूज उतरते हे प्रयोगशाळांनी केव्हाच सिद्ध केलंय, तरी मी ‘पुरावा अपुरा’ म्हणतो, म्हणजे मला परंपरेबद्दल अढी आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि लगेच पुढे विचारतात, हजारो वर्षांच्या अनुभवाला उंदरांची साक्ष हवीच कशाला?

उंदीर साक्षीला नको असेल, तर त्याने आपल्या बाजूने दिलेली साक्षही सोडावी लागेल. पण ते असो. मुळात त्याने साक्ष दिली कशाची?

उंदराच्या मागच्या पंजात, तळव्याच्या कातडीखाली, कॅराजीननचं एक टक्क्याचं द्रावण ०.१ मिलिलिटर टोचतात. कॅराजीनन लाल समुद्रशेवाळातून काढतात. आइस्क्रीम दाट करायलाही तेच वापरतात. पंजा सुजतो. तो द्रवात बुडवून किती द्रव सरकला ते ठरावीक तासांनी मोजायचं. एका गटाला औषध नाही, एकाला इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफिनॅक हे सूज उतरवणारं ठरलेलं औषध, बाकीच्यांना वनस्पतीचा अर्क. १९६२ पासून ही पद्धत चालू आहे. सुरुवातीची सूज मुख्यतः शरीरातल्या हिस्टामिन-सेरोटोनिन या रसायनांची, नंतरची प्रोस्टाग्लँडिन या दुसऱ्या रसायनाची, त्यामुळे औषधाने कुठे हात घातला याचा अंदाजही येतो. चाचणी चांगली आहे, मी ती विद्यार्थ्यांना शिकवतो. पण ही सूज काही तासांत शिगेला पोचते. तुमच्याकडे येणाऱ्या बाईंचा गुडघा वर्षानुवर्षं झिजत आलेला असतो. शिवाय एक मेख आहे, जी अनेक शोधनिबंधांत कुणी काढतच नाही: अर्क पोटात टोचला आणि तो स्वतःच दाहक असला, तर त्या दाहामुळेही पंजाची सूज कमी भरते. मग गुण कशाचा म्हणायचा?

याहून मोठी अडचण अर्काचीच आहे. निबंधात बहुतेक वेळा पाला सावलीत वाळवून, भुकटी करून सॉक्सलेट नावाच्या अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात मेथेनॉल या अल्कोहोलने काढलेला अर्क असतो. तुम्ही काय करता? ताजा पाला तेलावर परतून पत्रपोट्टली, म्हणजे पाल्याची पुरचुंडी, बांधता आणि गुडघा शेकता. पोटात द्यायचा तर काढा, शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेदीय ग्रंथकाराच्या रीतीने सोळापट पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवलेला. मेथेनॉलमध्ये उतरणारं सगळं पाण्यात उतरत नाही, आणि निर्गुडीचा उग्र वास देणारी तेलं तर तासभर उकळताना वाफेबरोबर निघून जातात. म्हणजे तपासलं एक आणि वापरलं दुसरंच. त्या निबंधाने तुमची पोट्टली सिद्ध होत नाही, आणि (हेही तितकंच खरं) अर्क नापास झाला असता तरी पोट्टली खोटी ठरली नसती.

मात्रेचंही बघा. उंदराला ४०० मिलीग्रॅम प्रतिकिलो दिलं, तर नेहमीच्या हिशोबाने माणसासाठी त्याला साधारण सहाने भागायचं. साठ किलोच्या माणसाला जवळपास चार ग्रॅम अर्क झाला. दहा टक्के उतारा, म्हणजे शंभर ग्रॅम पाल्यातून दहा ग्रॅम अर्क, धरला तर रोजचा चाळीस ग्रॅम सुका पाला. काढ्याच्या जुन्या मात्रेपासून हे फार लांब नाही, इथे तुमची बाजू मी घेतो. पण तोच निबंध दाखवून ५०० मिलीग्रॅमची कॅप्सूल विकणाऱ्यांचं काय? माझा लेख खरं तर त्यांच्यावर होता.

ॲस्पिरिनही झाडातूनच आलं, असा टोला तुम्ही मारलात. जरूर. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो या झाडाची साल वाळवून, कुटून सुमारे पन्नास तापकरी माणसांना दिली आणि काय झालं ते रॉयल सोसायटीला कळवलं. ॲस्पिरिन १८९७ मध्ये तयार झालं, ते काम कसं करतं हे जॉन व्हेन या औषधशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवलं. तेव्हा ‘कसं’ ते कळत नाही म्हणून मी निर्गुडी नाकारतोय असं समजू नका. स्टोनने केलं तेवढं तरी, म्हणजे कुणाला दिलं, किती दिलं, कुणाला उपयोग झाला नाही, एवढं मागतोय.

प्रयोगशाळेवर मी डोळे झाकून विसंबतो ते एका कामासाठी: ओळख पटवायला. रास्ना या औषधीच्या नावाखाली कुठे प्लुशिया या झुडपाची पानं मिळतात, कुठे वांडा या ऑर्किडची मुळं, कुठे कुलिंजन. पुडीत काय आहे हे सूक्ष्मदर्शकाने आधी ठरलं नाही, तर पुढचे सगळे उंदीर फुकट गेले.

पोट्टलीची चाचणी आपल्या नाशिकमध्ये होण्यासारखी आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, आणि आयुर्वेद शिकणाऱ्या मुलांना विषय हवेच असतात. निम्म्या रुग्णांना निर्गुडीची पोट्टली, निम्म्यांना दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी पाल्याची, दोन्ही सारख्याच गरम. कारण नुसत्या शेकानेही बरं वाटतं. अडचण वासाची. निर्गुडी लपत नाही, रुग्ण नाक मुरडूनच ओळखेल. गुडघे मोजणारा माणूस तरी शेक देताना खोलीबाहेर ठेवता येईल, म्हणजे कुणाला काय मिळालं ते त्याला कळणार नाही. तुमच्या नोंदवह्यांत आधीचं-नंतरचं चालणं, मांडी घालता येणं असं काही टिपलेलं असेल, तर मी येऊन बसायला तयार आहे.

शेवटचा प्रश्न तुमचा नव्हता, खाली दुसऱ्या एका ताईंनी विचारलाय: घरी शेक घ्यावा का? खुशाल घ्या. मधुमेहाने पाय बधिर असतील तर पोट्टली आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर टेकवून बघा, कारण भाजलेलं कळत नाही. आणि सांधा अचानक लाल, गरम होऊन सोबत ताप आला असेल, तर शेकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.