दोन हजारांच्या गनने गाडी रंगवायची?

सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: ‘गॅरेजवाले लुटतात. दोन हजारांची इलेक्ट्रिक स्प्रे गन घ्या, जास्त वॉटची घ्या म्हणजे फिनिश भारी येईल. रविवारी पार्किंगमध्येच गाडी रंगवा. साधा मास्क पुरे.’

काही गॅरेजवाले लुटतात, मान्य. पुढचं मात्र सगळं गडबडीचं आहे.

वॉट कितीही असले तरी या गन मुळात भिंती, ग्रिल, फर्निचरसाठी. नोझल बहुतेकदा 1.8 ते 2.6 मिमी. गाडीच्या बेस कोटला (रंगाचा थर) आणि क्लिअरला (त्यावरचा पारदर्शक थर) 1.3-1.4 लागतं, 1.8 फार तर सरफेसरला (रंगाखालचं अस्तर). थेंब जाड पडले की क्लिअरवर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा उमटतो, मेटॅलिक शेडवर ढग दिसतात. मग बसा वॉटर पेपरने घाशीत.

यावर ग्रुपमधले जाणकार सांगतात, ‘मग एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) गन घ्या, छोट्या कंप्रेसरवर चालते.’ खरी फसगत इथे होते. एचव्हीएलपीला दाब कमी लागतो, गनच्या तोंडाच्या कॅपवर जेमतेम 10 पीएसआय. पण हवा मिनिटाला साधारण 8 ते 14 घनफूट ओढते. एक एचपी, 24 लिटर टाकीचा कंप्रेसर देतो तीन-चार. बॉनेट अर्धं होईतो दाब पडतो आणि गन थुंकायला लागते. खोक्यावरचा मोठा आकडाही बहुधा डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन कागदावर किती हवा ढकलतो त्याचा असतो. विचारायची ती फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा. म्हणजे आधी कंप्रेसर बघायचा, मग त्याला झेपेल ती गन. छोट्या कंप्रेसरवर कमी हवा खाणारी एलव्हीएलपी गन लावून एकेक फेंडर, बंपर जमतो. अख्खी गाडी नाही.

पाण्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही, आणि राहतो आपण दमट मुंबईत! दाबलेली हवा होजमध्ये गार झाली की पाणी सुटतं, रंगावर फोड येतात. हे पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लागतोच, तोही कंप्रेसरच्या तोंडाशी नको; तिथे हवा गरम असते, वाफ तशीच पुढे निघून जाते.

राहिला मास्क. टू-के क्लिअर म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं क्लिअर; त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क त्यापुढे शून्य. रंगकामाच्या बंद बूथमधला पेंटर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतो. पहिल्या मजल्यावरच्या आजी काय लावणार? शिवाय थिनरची वाफ पेट घेते, आणि इलेक्ट्रिक गनच्या मोटरला ठिणगी पडू शकते. अनेक इमारतींत मीटर रूमही पार्किंगलगतच असते.

पैसे वाचवायचेच असतील तर घासाई, लांबी (पुटी) भरणं, मास्किंग घरी करा आणि फक्त फवारणी बूथवाल्याकडून करून घ्या. मजुरीचा मोठा भाग त्या घासाईतच जातो.