‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

न्यू जर्सीतल्या आमच्या शेताला आम्ही कॉन्झर्व्हेशन ईझमेंट (जमीन कायम शेतीच राहील अशी कायदेशीर अट) लावून घेतलं, त्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ लिहितात: ‘कर वाचवायचे हे एनआरआय चोचले. जमीन गेली ती गेलीच, वर नातवंडांचेही हात कायमचे बांधलेत. आणि फवारणी थांबणार आहे का?’

टोपणनावाआडून दुसऱ्याचे चोचले काढायला काय जातं? शंका सरळ विचारली असतीत तर उत्तरही सरळ मिळालं असतं.

‘जमीन गेली’ हे धादांत खोटं आहे. जमीन आमच्याच नावावर आहे. आम्ही विकला तो फक्त प्लॉट पाडून घरं बांधायचा हक्क. दोन स्वतंत्र मूल्यमापक येतात. बिल्डरला विकली तर भाव काय आणि निव्वळ शेतजमीन म्हणून काय, हे काढतात. त्या फरकावरून मोबदला ठरतो. राज्य आणि काउंटी (तिथला जिल्हा) मिळून तो देतात. तिथे हे 1983 पासून चालू आहे. आम्ही आजही मका लावतो. उद्या शेत विकूही शकतो, फक्त घेणाऱ्यालाही तीच अट. वर्षातून एकदा काउंटीचा माणूस नकाशा घेऊन बांधाबांधाने फिरतो. मागे त्याने आमची ट्रॅक्टरची नवी शेड टेप लावून मोजली, शेतीचीच आहे ना हे दोनदा विचारलं आणि जुन्या फोटोंशी ताडून बघितलं. जमीन गेली असती तर एवढी उलटतपासणी माझी कशाला झाली असती?

कराचं एक मान्य. असा हक्क दान केला तर फेडरल करात वजावट मिळते आणि तिचा गैरफायदा घेतला गेलाय. गुंतवणूकदार गोळा करून भागीदारी करायची, दान केलेल्या हक्काची किंमत अवाच्या सवा फुगवायची, वजावट वाटून घ्यायची. 2022 च्या कायद्याने अशा भागीदाऱ्यांची वजावट गुंतवणुकीच्या अडीच पटीला अडवली. पण आम्ही हक्क विकलाय, दान केलेला नाही. मिळालेल्या पैशावर उलट कर भरलाय. त्यांचं बिल माझ्या नावावर फाडू नका.

आणि एनआरआय म्हणून हिणवण्याआधी हेही ऐका. गुहागरजवळची आजोबांची कलमांची बाग आमच्याच माणसांनी एजंटाला विकली. मोहोर धरलेली झाडं माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली आणि संध्याकाळच्या आत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले गेले. तुमची एखादी बाग अशी गेली आहे का?

नातवंडांचं म्हणाल तर तो आमच्या घरातला प्रश्न आहे, तुम्ही त्यात पडू नका. फवारणीचा इथे संबंध नाही.

पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहा, नाहीतर ती इथे दिसणार नाही.