लस घ्यायची, पण कधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, फ्लूची लस घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी तुमच्या बहिणीचे पाय जड झाले, म्हणून मी ‘लस घ्या’ सांगत माझ्यासारख्याच एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचं आवरण झिजवणारा आजार) पेशंटांना खड्ड्यात घालते, असं तुम्ही लिहिलंत. वर ‘कंपन्यांची एजंट’. एजंट असते तर माझ्या औषधाच्या सलाइनच्या बिलासाठी एफडी मोडावी लागली नसती.

तिला त्या दिवशी ताप होता का? मज्जातंतूंचं आवरण जिथे आधीच झिजलंय, तिथे अंग तापलं की जुनी लक्षणं वर येतात. मी मे महिन्यात कढत पाण्याने अंघोळ केली तरी डावा डोळा धुरकटतो, पंख्याखाली बसले की अर्ध्या तासात निवळतो. खरा रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, तेव्हाच म्हणायचा जेव्हा ताप नसताना त्रास निदान २४ तास टिकतो. तिचं काय झालं ते न्यूरोलॉजिस्टच सांगतील.

तुमची भीती जुनीच आहे. हिपॅटायटिस बीच्या लशीने एमएस होतो, यावरून फ्रान्समध्ये एवढं रान उठलं की १९९८ मध्ये शाळांमधलं लसीकरण थांबवलं. पुढे युरोपातल्या, रिलॅप्स होऊन गेलेल्या ६४३ पेशंटांच्या नोंदी तपासल्या. लशीनंतरच्या दोन महिन्यांत रिलॅप्स वाढलेले दिसले नाहीत, असं २००१ मध्ये छापून आलं. खऱ्या फ्लूनंतर मात्र ते वाढतात.

एक चूक माझी. मागच्या लेखात मी सरसकट ‘सगळ्या लशी’ लिहून गेले. कांजिण्या, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), यलो फीव्हर या जिवंत विषाणूंच्या लशी. फिंगोलिमॉड किंवा रिटुक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी एमएसची औषधं चालू असताना त्या घ्यायच्या नाहीत. बाकीच्या चालतात, पण अंगी लागतीलच असं नाही. माझं रिटुक्सिमॅबचं पहिलं सलाइन लागलं तेव्हा लशींबद्दल कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. तीन आठवड्यांनी न्यूमोनियाची लस घेऊन आले, मोठ्या शहाणपणाने. अँटीबॉडी ज्यांच्यापासून तयार होतात त्या बी पेशीच या औषधाने साफ केलेल्या. लस शिकवणार कुणाला? आता फ्लूची लस पुढच्या सलाइनच्या महिनाभर आधी घेते.

बहिणीचं औषध कोणतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. फिंगोलिमॉड सुरू व्हायचं असेल तर आधी कांजिण्यांच्या अँटीबॉडी तपासून घ्या. अँटीबॉडी नसल्या तर लस आधी, मग महिनाभर थांबून गोळी. आणि ‘लहानपणी झाल्या होत्या बहुतेक’ हे आईचं वाक्य डॉक्टरांपुढे चालत नाही, मी म्हणून पाहिलंय.