पिकअप पिकअप घेईना

आमच्याकडे पिकअप आहे आणि ती पिकअप घेत नव्हती. हे वाक्य मी महिनाभरात इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी मी फोनवर "घेत नाही" एवढंच म्हटलं तरी समोरचा "अजून?" म्हणायचा.

गाडी 2010 ची, फर्स्ट ओनर. नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचे 20-20 किलोचे क्रेट वाहण्यात तिचं आयुष्य गेलं. दरवर्षी पासिंगच्या आधी रंगाचा एक हात आणि मागे ताजं रेडियम मारलं की ती दोन वर्षांनी लहान दिसते. शिवारात, गावात, बाजारात कधी तक्रार नाही. पण पुणे-नाशिक हायवेला लागून काटा 70 च्या पुढे गेला की वीसेक मिनिटांत तिचा दम सुटायचा. पाय फरशीपर्यंत दाबलेला आणि काटा 70, 60, 45. एकदा तर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्यावरचं अख्खं गाणं मला ऐकवत, शेजारून पुढे निघून गेला. बाजूला थांबायचं, दहा मिनिटं बांधाकडे बघत बसायचं, पुन्हा चावी मारायची. मग अशी पळायची की आपल्यालाच भास झाला होता की काय वाटावं.

साडू म्हणाले, "प्लग बदला." मी म्हटलं, डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, तिथं दाबलेल्या गरम हवेतच डिझेल पेटतं. त्यावर साडू म्हणाले, "मग बसवून घ्या."

टायरवाल्यानं क्लचप्लेट गेली म्हणून सांगितलं. हे मात्र मी स्वतःच्या बुद्धीनं खोडून काढलं. क्लच घसरतो तेव्हा इंजिन बोंब मारतं आणि गाडी तिथल्या तिथं राहते. माझ्याकडे दोघंही सारखेच गप्प होत होते. म्हणजे इंजिनाला डिझेल कमी पडतंय, इथवर मी पोचलो होतो. (या पोचण्याचा मला पुढं बराच अभिमान वाटत राहिला, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.)

मिस्त्रींनी डिझेल फिल्टर बदलला. एअर फिल्टरच्या डब्यातून उंदराचं घरटं निघालं, तेव्हा आम्ही दोघंही आनंदलो. आता सापडलं! नाही सापडलं. मग "गाडीनं एअर धरलीय" असं ठरलं. फिल्टरवरचा हँडपंप दाबायचा, स्क्रू सैल करायचा, फेसाळलेलं डिझेल जाऊन स्वच्छ धार येईपर्यंत हे चालू. अंगठा सुजला, एअर निघाली, दुखणं राहिलं. मग नोझल काढून कॅलिब्रेशनला गेले आणि त्यांच्याबरोबर माझे 4,800 रुपये. दर वेळी मिस्त्री ट्रायल घ्यायचे ती वेशीपर्यंत. तेवढ्यात गाडी अगदी सासरी आलेल्या जावयासारखी वागायची. "हायवेला चला ना," म्हटलं की, "टाइम कुठंय भाऊ, रोग असता तर इथंच दिसला असता."

एक गोष्ट मला छळत होती. टाकी फुल असली की दुखणं लवकर उठायचं, अर्धी असली की बराच वेळ दम धरायची. याचा अर्थ डिझेलमध्ये भेसळ, असं समजून मी तीन पंप बदलले आणि तिन्हीकडच्या पोरांकडे संशयानं बघत राहिलो.

मग भाचीचा साखरपुडा आला, संगमनेरला. आई शेजारच्या सीटवर, मांडीवर फळांची परडी. निघताना टाकी फुल केली. आळेफाटा गेला, बोटा गेलं आणि घारगावच्या अलीकडे ठरल्या वेळी काटा खाली यायला लागला. थांबलो. मी बॉनेट उघडून आत गंभीरपणे बघत होतो, कारण बॉनेट उघडल्यावर तसंच बघायचं असतं. आई पाय मोकळे करायला उतरली, गाडीला अर्धी प्रदक्षिणा घातली आणि टाकीपाशी थांबली.

"हे काय बांधलंयस?"

टाकीचं झाकण महिन्यापूर्वी हरवलं होतं. पावसाळ्याचे दिवस, डिझेलमध्ये पाणी जाऊ नये म्हणून मी तोंडावर जाड पॉलिथीन दुहेरी लावून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी चार वेढे आवळली होती. थेंब आत जाणार नाही असं काम. मला त्याचं कौतुकच होतं. आत्ता ते पॉलिथीन दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखं आत ओढलं गेलं होतं.

"तेलाच्या डब्याला दोन भोकं कशाला पाडतो आपण?" आईनं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि टोचली.

फुस्स!

लांबलचक फुस्स झाला तो. एवढी हवा आत जाईपर्यंत मला सगळं उलगडत गेलं. डिझेल जळत जायचं, पण त्याच्या जागी हवा येणार कुठून? टाकीत ओढ बसायची आणि पंपाला डिझेल खेचता यायचं नाही. फुल टाकीत मोकळी जागाच थोडी, म्हणून लिटर-दोन लिटर गेलं की तिथंच श्वास कोंडायचा. अर्ध्या टाकीतली हवा ताणून ताणून थोडा वेळ पुरायची. गावात एवढं डिझेल जळतच नव्हतं. आणि थांबलो की पट्टीच्या फटीतून हळूहळू हवा शिरायची, गाडी बरी व्हायची. दुखणं आणि झाकण, दोन्हींना एकच महिना झाला होता, पण माझ्या डोक्यात ते दोन वेगवेगळे महिने होते.

चंदनापुरी घाट गाडीनं गुणगुणत काढला. साखरपुड्यात नवऱ्या मुलाची चौकशी कमी आणि सेफ्टी पिनची जास्त झाली.

दुसऱ्या दिवशी 210 रुपयांचं नवं झाकण आणलं. त्याच्या आत बाहेरची हवा घेणारी बारीक झडप असते. मिस्त्रींनी ती फुंकून बघितली, मग माझ्या हातातलं पॉलिथीन बघितलं.

"हे कुणी लावलं होतं?"

"आधीच्या मालकानं," मी म्हटलं.

मिस्त्री हसले नाहीत. आरसी बुक त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होतं.